शहानिशा करत बसू नका: मुलावरच्या अत्याचाराची शंका आली तर गावात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

गावात असं काही कानावर आलं की पहिला शब्द निघतो तो ‘शहानिशा’. आधी शहानिशा करू, मग पाहू. माझ्या पाहण्यातल्या एका गावात या शहानिशेला चार दिवस लागले. आईने विचारलं, मग मोठ्या आईने, मग शाळेतल्या बाईंनी, मग मुख्याध्यापकांनी. चौथ्या दिवशी एका घरात पाच माणसं बसली आणि मुलीने ज्याचं नाव घेतलं होतं त्यालाही तिथे बोलावलं. त्याच्यासमोर ‘खरं काय ते सांग’ म्हटल्यावर आठ वर्षांची पोरगी काय सांगणार? ती गप्प झाली. पोरगी खोटं बोलत होती, असा गावाने अर्थ काढला. अंगावरचे कपडे तोवर दोनदा धुऊन झाले होते.

त्या पाच जणांत मुलीचं वाईट चिंतणारं कोणी नव्हतं. त्यांचा क्रम चुकला. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता अशा मुलांसोबत ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाते. हीच चूक मी पुन्हा पुन्हा पाहते. म्हणून शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील आणि शेजारपाजारच्या कोणाही माणसासाठी हे टप्पे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. खात्री करणं हे पोलिसांचं आणि कोर्टाचं काम आहे. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडेल अशी भीती असलेल्या कोणीही ती पोलिसांना कळवावी. पुरावा गोळा करून आणा, असं ते म्हणत नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. न कळवणाऱ्याला मात्र कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर ही कैद एक वर्षापर्यंत जाते.

हे नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

टप्पा १: तयारी, काही घडायच्या आधी

वेळ आली की नंबर सापडत नाही, मोबाइलला रेंज नसते, गाडी नसते. म्हणून आजच एका कागदावर हे लिहा आणि अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा:

- ११२ (पोलीस) आणि १०९८ (बालकांची मदतवाहिनी). दोन्ही चोवीस तास चालतात, पैसे लागत नाहीत.
- आपलं गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं आणि तिथला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. एकदा स्वतः जाऊन ओळख करून घ्या.
- जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता व फोन.
- महिला डॉक्टर असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या रोज असतीलच असं नाही, तेव्हा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचीही चौकशी करून ठेवा.
- रात्री-अपरात्री येईल अशी एक गाडी.

मेळघाटातल्या ढाण्यांवर (कोरकूंच्या वस्त्यांवर), गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे फोन कुठे लागतो ती जागाही लिहा. ‘टाकीजवळच्या टेकाडावर’ एवढं पुरेसं आहे. तिथे पोलीस मदत केंद्र जवळ असेल तर माणूस थेट पाठवणं फोनपेक्षा लवकर होतं. मूल कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणारं असेल तर ती भाषा जाणणारी, पण गावच्या भावकीबाहेरची एक बाई हेरून ठेवा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नंबरवर एकदा फोन लावून पाहिला का? जिल्ह्याच्या कार्यालयांचे नंबर बदलत राहतात.

टप्पा २: खुणा ओळखणं

एका खुणेवरून काही ठरत नाही. दोन-तीन एकत्र दिसू लागल्या किंवा मुलाची वागणूक अचानक पालटली, तर लक्ष द्यायचं.

अंगावरचं आधी पाहू. खेळणाऱ्या मुलाचे गुडघे, नडग्या, कोपरं खरचटलेली असतातच. कान, गाल, पाठ, मांड्या, कुल्ले इथले वळ पडण्याने सहसा येत नाहीत. पट्ट्याचे, वायरचे वळ लांबट आणि समांतर उठतात. विडी-सिगारेटचा चटका गोल असतो. बसताना किंवा लघवीला दुखणं, कपड्यावर रक्त, जननेंद्रियाजवळ सतत खाज, यातलं काही असेल तर थेट डॉक्टर.

वागण्यातलं ओळखायला रोजची ओळख लागते, म्हणून ते बाईंना आणि अंगणवाडीताईंना आधी दिसतं. वाळलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागतं. एका ठरावीक घरी, वावरात, शिकवणीला जायला मूल नकार देतं: “मले नाही जायचं त्यायच्या घरी.” वयाला न शोभणारे शब्द किंवा खेळ दिसतात. कुठून आले ते न सांगता हातात पैसे, खाऊ किंवा मोबाइल दिसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मूल आश्रमशाळेत परत जायला तयार नसतं, आणि उलटही होतं: सुट्टी लागली तरी घरी जायला मागत नाही. दोन्ही सारख्याच गांभीर्याने घ्या.

मुलग्यांच्या खुणा आपण सर्रास सोडून देतो. ‘पोट्टं आहे, चिडतं’ म्हणून मोकळे होतो. पोक्सो १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. अपंग मुलं, न बोलणारी मुलं यांच्याबाबतीत तर दुप्पट डोळे उघडे ठेवा.

अंगात आलं, बाहेरची बाधा झाली असं म्हणून मुलीला एखाद्या महाराजाकडे नेत असतील तर तिथेही थांबून विचार करा. अचानक झटके येणं, बोलणं बंद होणं, रात्री किंचाळणं यामागे अनेकदा दडपलेली भीती असते.

आता उपेक्षेबद्दल, कारण इथे आपली फार गफलत होते. कपाशी वेचणीच्या दिवसांत माय पहाटे वावरात जाते आणि नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहते. ही गरिबी आहे, मायचा गुन्हा नाही. तिथे अंगणवाडी, शाळेची हजेरी, बालसंगोपन योजना यांतून मदत उभी करायची. घरात असूनही पोराला उपाशी ठेवणं, आजारात दवाखान्यात न नेणं, बांधून घालणं हे वेगळं. ते बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली क्रूरता ठरू शकतं आणि १०९८ वर कळवावं. तान्ह्या बाळाच्या पोटफुगीवर चटके दिल्याचं मेळघाटात दिसलं तर बाळाला आधी आरोग्य केंद्रात पोचवा, बाकी नंतर.

इशारा: ‘फक्त कपड्यावरून हात लावला’ म्हणून प्रकरण हलकं समजू नका. नागपूर खंडपीठाचा तसा निकाल जानेवारी २०२१ मध्ये आला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, कापड मध्ये होतं की नव्हतं याला नाही.

टप्पा ३: मूल बोलू लागतं तेव्हा

मूल जागा आणि वेळ स्वतः निवडतं. बहुधा ती आपल्या सोयीची नसते: खिचडीची पंगत वाढताना, घंटा झाल्यावर, भांडी घासताना. ‘नंतर सांग’ म्हणू नका. त्या मुलाला ‘नंतर’ पुन्हा जमत नाही.

हातातलं काम खाली ठेवा. त्याच्या उंचीला बसा. इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, ओट्याच्या टोकाला किंवा झाडाखाली. बंद खोलीत नेऊ नका.

मग ऐका. खरं काम एवढंच आहे. “मग?” “अजून काही सांगायचं आहे का?” यापलीकडे विचारू नका. “त्याने इथे हात लावला का?” असं विचारलं की उत्तर तुमचं होतं, मुलाचं राहत नाही. आणि कोर्टात आरोपीचा वकील नेमकं तेच धरतो. ‘आधी का नाही सांगितलं’, ‘तू तिकडे गेलीच कशाला’ हे प्रश्न तर तोंडातून निघूच देऊ नका. धक्का बसला तरी चेहरा शांत ठेवा. बाई घाबरल्या असं दिसलं की मूल तिथल्या तिथे बोलणं आवरतं.

सांगायचं ते एवढं: “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी आता अशा माणसांना सांगणार आहे, ज्यांचं कामच मदत करणं आहे.”

इशारा: ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला मोडावंच लागेल आणि मग त्या मुलाचा तुमच्यावरचाही विश्वास उडेल.

टप्पा ४: लगेच लिहून ठेवणं

मूल गेल्यावर अर्ध्या तासात लिहा. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे. त्यांचं प्रमाण मराठीत भाषांतर करू नका, अर्थ लावू नका. एका शिक्षिकेने लिहिलेली नोंद मला अजून आठवते. ओळख बदलून तिचा नमुना देते:

“दुपारी १२.४०, खिचडीच्या वेळी, हातपंपाजवळ. इयत्ता चौथीतली मुलगी. तिचे शब्द: ‘मॅडम, मले आज घरी नाही जायचं. काका दरवाजा लावते.’ मी विचारलं, ‘मग?’ ती म्हणाली, ‘कोनाले सांगू नको म्हनते.’ रडली नाही. फ्रॉकची किनार बोटाला गुंडाळत होती. उजव्या दंडावर बोटांसारखे निळे डाग दिसले. मी आणखी काही विचारलं नाही.”

खाली तारीख आणि सही. बस्स. ‘अत्याचार झाला’ असा निष्कर्ष यात कुठेच नाही, आणि म्हणूनच ही नोंद भक्कम आहे.

कागद पाकिटात बंद करून कुलपात ठेवा. शेरेबुकात, हजेरीपटात, बैठकीच्या वहीत लिहू नका. मुलाच्या अंगाचे फोटो मोबाइलवर काढू नका. खुणांची नोंद डॉक्टर करतील.

टप्पा ५: आज रात्री मूल कुठे झोपणार?

फोन करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढचं किती घाईने करायचं ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

संशय घराबाहेरच्या माणसावर असेल तर आईला किंवा मूल ज्यांच्यावर भरवसा ठेवतं अशा घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. कळवायला त्यांची परवानगी मात्र लागत नाही.

संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी आधी काहीही बोलू नका. बोललात तर मूल रातोरात मामाच्या गावी जाईल किंवा मार खाईल. शाळा सुटायच्या आत ११२ लावा आणि पोलीस येईपर्यंत मुलाला सोबत ठेवा. काळजीची गरज असलेल्या मुलाची २४ तासांत सोय करणं, गरज पडल्यास निवाऱ्यात किंवा दवाखान्यात नेणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. मुलाला घरातून काढायचं की नाही हे बाल कल्याण समिती ठरवते, त्यासाठी तिला तीन दिवस असतात. तुम्ही स्वतः मुलाला आपल्या घरी नेऊन ठेवू नका. मन कितीही ओढलं तरी, उद्या पळवून नेल्याचा आरोप तुमच्यावरच येईल.

टप्पा ६: कळवणं

क्रम हा: आधी पोलीस किंवा ११२, सोबत १०९८, आणि त्यानंतर मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका, प्रकल्प कार्यालय असे वरिष्ठ.

बहुतेक जण हे उलटं करतात. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं’ याने तुमची जबाबदारी संपत नाही. कलम १९ प्रत्येक माणसाला लागू आहे आणि त्यात पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथक एवढीच दोन ठिकाणं लिहिली आहेत. शाळेची सखी सावित्री समिती, गाव बाल संरक्षण समिती यांचं काम मुलांचं वातावरण सुरक्षित ठेवण्याचं आहे. लैंगिक अत्याचाराची चौकशी त्यांनी करायची नसते. गावाच्या समितीत तर निम्मी माणसं एकमेकांच्या नात्यातली असतात. बातमी आरोपीच्या घरी पोलिसांच्या आधी पोचते.

फोनवर काय बोलायचं ते अवघड नाही. “मी अमुक गावातून, अमुक शाळेतून बोलते. नऊ वर्षांच्या एका मुलीने आज मला जे सांगितलं त्यावरून तिच्यावर लैंगिक अत्याचार होत असावा अशी मला भीती वाटते. ती आत्ता माझ्यासोबत आहे. संशयित घरातला आहे. मला पोक्सोखाली माहिती द्यायची आहे.” आपलं नाव द्या, फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या.

ठाण्यात गेल्यावर दिलेली माहिती लेखी नोंदवून, तिला नोंद क्रमांक देऊन वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा दाखल झाल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘तुमची हद्द आमच्याकडे येत नाही’ हे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करता येतो. दाखल करून घेतला नाही तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा.

तपासा: हातात एफआयआरचीच प्रत आहे ना? अनेकदा नुसता चौकशी अर्ज घेतात किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून देतात आणि लोक ‘तक्रार झाली’ म्हणून घरी येतात.

ज्या घरांत बालविवाहाची तयारी दिसते तिथेही १०९८ आणि ११२ चालतात. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात, त्यांना लेखी द्या. मांडव पडायच्या आधी.

टप्पा ७: दवाखाना

गुन्हा दाखल व्हायची वाट पाहू नका. एफआयआर नसतानाही तपासणी करता येते आणि त्यासाठी रुग्णालयाने पोलिसांचं पत्र मागायचं नसतं. उपचार मोफत आहेत, खासगी रुग्णालयातही.

जाताना अंघोळ घालू नका. कपडे बदलले असतील तर न धुता कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो. अंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, आठवडा उलटला असेल, तरीही न्या. उपचार महत्त्वाचे आहेत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आईवडिलांपैकी कोणी किंवा मुलाच्या भरवशाचं माणूस तिथे हवं. योनीत बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवली आहे. कोणी ती करू लागलं तर तिथेच थांबवा.

टप्पा ८: जबाब

मुलाला ठाण्यात नेऊन बाकावर बसवायची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपीसमोर आणता येत नाही. हे तुम्ही नम्रपणे पण ठामपणे म्हणायचं: “मॅडम, जबाब घरीच घेता का? पोरगी इथे बोलणार नाही.” बहुतेक अधिकारी ऐकतात.

जबाबाची तालीम करून घेऊ नका. ‘असं सांग, तसं सांग’ करणारे नातेवाईकच केस कमजोर करतात. दुभाषी लागत असेल तर आधीच सांगा. टप्पा १ मधली बाई इथे उपयोगी पडते.

टप्पा ९: पुढचे महिने

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवलं का, ते समितीकडे फोन करून विचारा. समिती मुलाला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत राहते. मागितल्याशिवाय अनेकदा मिळत नाही, म्हणून लेखी मागा. तातडीच्या जेवणाखाण्यासाठी आणि प्रवासासाठीही समिती रक्कम मिळवून देऊ शकते. मनोधैर्य या अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्य सरकारच्या योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत वकीलही तिथेच मिळतो, मदतवाहिनी १५१००.

दबाव साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. ‘पोरीचं लग्न व्हायचं आहे’, ‘तो माफी मागतो आहे’, ‘दोन एकर लिहून देतो’. पोक्सोच्या गुन्ह्यात आपसात तडजोड नाही. कागदावर सह्या घेतल्या तरी कायद्यापुढे त्याची किंमत शून्य, उलट सह्या घेणारेच अडचणीत येतात. धमकी आली तर तारीख-वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला आणि समितीला त्याच दिवशी कळवा.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो, शाळा, वाडी, आईवडिलांचं नाव, यातलं काहीही टाकू नका. ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणून फिरवलेल्या पोस्टमधूनही मुलाची ओळख उघडी पडते, आणि तो गुन्हा आहे. मोर्चा काढायचा असेल तरी फलकावर गावाचं नाव नको.

आणि शाळा. मूल आठवड्याने परत येईल तेव्हा त्याची जागा, त्याचा डबा, त्याची मैत्रीण तशीच असू द्या. ‘बिचारी’ म्हणून पहिल्या बाकावर आणून बसवू नका. परिपाठात त्याच्याबद्दल काही बोलू नका. कोर्टाची तारीख असेल त्या दिवशी गैरहजेरी लावून वर कारण विचारू नका. एसटीने जायचं तर आधीची गाडी पकडा, डबा आणि पाणी सोबत न्या, आणि आरोपीचे लोक जिथे बसतात तिथून दूर, साक्षीदारांसाठी वेगळी खोली आहे का ते पोचल्या पोचल्या कोर्टाच्या शिपायाला विचारा.